इंदूर–पुणे : अंतराचे आणि वेळेचे गणित



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या हातची छडी मी खाल्ली आहे आणि त्यांच्या हातचे पेढेही खाल्ले आहेत. छडी भूगोलाच्या तासाला आणि पेढे मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी. ज्या शाळेच्या बाकावर बसून मी मुळाक्षरे गिरवली, त्याच शाळेच्या व्यासपीठावरून बोलण्याचा मान मिळावा, यापरते भाग्य ते कोणते? संस्थाचालकांचा मी मनःपूर्वक ऋणी आहे.

मराठीच्या प्राध्यापकाने एखाद्या कवीवर किंवा ग्रंथावर बोलावे, अशी आपली अपेक्षा असणार. परंतु गुरुजी भूगोलाचे शिक्षक होते. त्यांच्या स्मरणदिनी त्यांच्याच विषयाच्या कुंपणावरून थोडे डोकावावे, असे मनात आले. म्हणून आज मी एका अगदी साध्या प्रश्नाविषयी बोलणार आहे. इंदूर ते पुणे अंतर किती आणि तेथे पोचायला वेळ किती लागतो?

हा प्रश्न माझा नव्हे, गुरुजींचा आहे. आम्ही इयत्ता सहावीत होतो. गुरुजींनी वर्गात विचारले, ‘‘इंदूरहून पुणे किती लांब?’’ कोणी मैल सांगितले, कोणी नुकतेच पाठ केलेले किलोमीटर सांगितले. मला काहीच येत नव्हते. उन्हाळ्यात आजोळी जाताना जे अनुभवले होते, तेवढे सांगून मोकळा झालो : ‘‘गुरुजी, एक दिवस आणि वर थोडी रात्र.’’ वर्ग हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, ‘‘हसू नका. याने वाट सांगितली, तुम्ही आकडा सांगितलात. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत; दोन्ही अपुरी आहेत.’’

मग त्यांनी कपाटावरचा धूळ बसलेला पृथ्वीगोल खाली उतरवला आणि खिशातून पतंगाचा दोरा काढला. मुंबईवर दोऱ्याचे एक टोक, न्यूयॉर्कवर दुसरे. दोरा ताणला, तसा तो आपसूक वर सरकला आणि रशिया, स्कँडिनेव्हिया करीत ग्रीनलंडच्या दक्षिणेकडून खाली उतरला. भिंतीवरच्या सपाट नकाशात आम्ही जी सरळ रेघ मारली असती, ती अरबस्तान, उत्तर आफ्रिका आणि अटलांटिक महासागर ओलांडून गेली असती. पृथ्वी गोल आहे हे आम्ही पाठ केले होते; तिचा गोलपणा दोऱ्यातून बोटांना कळला तो त्या दिवशी. गोलावरचा हा सर्वांत जवळचा मार्ग मुंबई–न्यूयॉर्कसाठी सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरतो. मात्र त्याच वाटेने जायला लागणारा वेळ आणि यायला लागणारा वेळ सारखा नसतो. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. अमेरिकेहून येताना ते विमानाला ढकलतात आणि जाताना अडवतात. अंतर एक आणि वेळा दोन, हे आश्चर्य गुरुजींनी आमच्या पुढ्यात टाकले आणि घंटा झाली.

इंदूर आणि पुणे यांची गोष्ट त्या मानाने सोपी. पुणे आपल्या दक्षिणेला, किंचित पश्चिमेकडे. गोलावर दोरा धरा की नकाशावर पट्टी ठेवा, फरक जाणवत नाही. आकाशमार्गे हे अंतर सुमारे ५०० किलोमीटर आहे. सेंधवा, धुळे या सडकेने गेलात तर ते ६०० च्या आसपास जाते. आणि पुण्याला जाणाऱ्या थेट आगगाडीत बसलात, तर ती तुम्हाला आधी उज्जैन, रतलामला नेते, तेथून बडोदे, सुरत दाखवते, वसईवरून कल्याणला वळवते आणि मग घाट चढवून पुण्यात सोडते. हा फेरा हजार किलोमीटरच्या घरात जातो. पाखराला ५००, मोटारीला ६०० आणि आगगाडीला जवळजवळ १०००! गावे दोनच, ती जागची हललेली नाहीत. मग अंतरे तीन कशी? मध्ये नर्मदा आहे, सातपुडा आहे, तापी आहे. पाखराला यांची दखल घ्यावी लागत नाही. माणसाला घ्यावी लागते. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या लोहमार्गाला मंजुरी दिली. खर्चाचा अंदाज १८ हजार कोटी रुपयांचा. तो पुरा होईल तेव्हा आगगाडीचे अंतर पाखराच्या अंतराकडे बरेच सरकेल.

मी भाषेचा विद्यार्थी. म्हणून मला या प्रश्नात आणखी एक गोष्ट दिसते. आपल्या जुन्या मराठीत लांबी आणि वेळ यांची फारकत झालेलीच नव्हती. ‘हाकेच्या अंतरावर’ हे अंतर आवाजाने मोजलेले. ‘दोन मजलांवर’ हे थकव्याने मोजलेले. कारण मजल म्हणजे माणूस आणि जनावर एका दिवसात जेवढे चालून मुक्कामाला टेकते तेवढे. ‘दिवसाची वाट’ हे सूर्याने मोजलेले. कोस तेवढा लांबीचा. पण तोही प्रांताप्रांतात कमीजास्त. दोन मैलांचा कोस धरला, तर इंदूर–पुणे हे अंतर आकाशमार्गाने दीडशेवर कोस भरते. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण खरी मानली, तर वाटेत भाषा तेरा वेळा बदलायला हवी. आणि तरीही वाटेच्या दोन्ही टोकांना मराठी बोलली जाते, हे नवल अठराव्या शतकातल्या माणसांनी आपल्या पायांनी घडवले आहे.

ती माणसे कशी ये-जा करीत? थोरले बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला १७४० साली गेले. पुणे आणि माळवा यांच्यामधली ही वाट त्यांच्या घोड्यांच्या टापांखाली मळलेली होती. चौंडीची लेक होळकरांची सून होऊन याच वाटेने माळव्यात आली आणि १७६७ पासून १७९५ पर्यंत तिने येथला कारभार पाहिला. महेश्वरी बसून पुण्याशी संधान राखायचे, तर साधन एकच : जासूद आणि सांडणीस्वार. पेशवेकालीन पत्रे ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना दोन गोष्टी ठाऊक असतात. एक, महत्त्वाचे पत्र एकट्यादुकट्याच्या हाती देत नसत. जासुदांची जोडी रवाना करीत. दुसरी, पत्र पोचले की त्यावर ‘पै॥’ अशी खूण करून तिथी टाकीत. पै॥ म्हणजे पैवस्त, पोचले. लिहिल्याची तिथी आणि पैवस्तीची तिथी यांची वजाबाकी केली की त्या पत्राचा प्रवासकाळ हाती येतो. ही वजाबाकी मी आयुष्यभर विद्यार्थ्यांकडून करवून घेतली आहे. इतिहासातल्या कित्येक चुका या मूर्खपणाच्या नसून या वजाबाकीच्या आहेत, असे माझे मत झाले आहे. ज्याला आपण चुकीचा निर्णय म्हणतो, तो पुष्कळदा पंधरवड्यापूर्वीच्या परिस्थितीसाठी अगदी योग्य असा निर्णय असतो.

जासुदाच्या बाबतीत ‘अजुरा’ नावाचा एक शब्द आहे. ठरलेल्या दिवसांत पत्र पोचवण्याच्या बोलीवर द्यायची ही जादा मजुरी. वेग विकत घेण्याची रीत आपण विमानापासून शिकलो, असे कोणी समजू नये. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर जे घडले, ते नानासाहेब पेशव्यांना कळले ते त्याच महिन्याच्या अखेरीस, आपल्या या माळव्याच्या परिसरात. आणि कळले कसे? ग्रँट डफने लिहून ठेवले आहे की, पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या करारावर निघालेला सावकारांचा एक कासद पेशव्यांच्या फौजेजवळून जात होता. त्याच्याजवळचे पत्र उघडले गेले आणि आपला मुलगा, आपला भाऊ आणि आपली एक पिढी गेल्याचे पेशव्यांना समजले. पानिपत ते औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, हे अंतर आकाशमार्गाने हजार किलोमीटरांहून अधिक आहे. ते नऊ दिवसांत! दौलतीच्या बातमीआधी बाजारपेठेची बातमी पोचावी, यात बरेच काही आले. परंतु त्याहून मला सलते ते हे की, इतकी मोठी बातमी आपल्या धन्याला दुसऱ्याच्या नावच्या पत्रातून कळावी.

घोड्यावरून आपण रुळावर येऊ. १८७० साली दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी ब्रिटिश सरकारला एक कोटी रुपये कर्जाऊ दिले. व्याज साडेचार टक्के आणि मुदत १०१ वर्षांची. त्यातून खांडवा–इंदूर हा मीटरगेज मार्ग झाला, होळकर स्टेट रेल्वे. नर्मदेवरचा पूल १८७६ मध्ये खुला झाला. आमच्या पिढीचा पुण्याचा प्रवास या गाडीने होई. महू सोडले की पाताळपाणीचा धबधबा, मग चोरल नदीच्या कडेने बोगद्यांतून उतरणारा घाट, कालाकुंडच्या फलाटावर पानावर मिळणारा कलाकंद, पुढे नर्मदा. नर्मदेच्या पुलावर आई आम्हा भावंडांच्या हातांत एकेक पैसा ठेवी आणि आम्ही तो पाण्यात टाकीत असू. खांडव्याला गाडी बदलायची, भुसावळ, मनमाड करीत पुणे गाठायचे. ती मीटरगेज २०२३ साली रुंदीकरणासाठी बंद झाली. घाटातला पाताळपाणी–कालाकुंड हा तुकडा तेवढा वारसागाडीसाठी राखला गेला.

आणि विमान? तेही इंदूरला फार उशिरा आलेले नाही. १९३७ साली टाटांनी मुंबई–दिल्ली हवाई टपालसेवा सुरू केली, ती इंदूर, भोपाळ, ग्वाल्हेर अशी थांबत जाई. आज इंदूरहून पुण्याला थेट विमान जाते. बिजासन टेकडीजवळच्या ज्या विमानतळावरून ते उडते, त्याला देवी अहिल्याबाईंचे नाव आहे. उतरते ते लोहगावला, जे परंपरेने तुकोबांचे आजोळ मानले जाते. अहिल्याबाईंच्या दारातून निघावे आणि तुकोबांच्या आजोळी उतरावे, असा हा योग आहे.

विद्यार्थी मित्रांनो, आता तुमच्यासाठी एक गणित. विमान ताशी ८०० किलोमीटर वेगाने जाते, अंतर ५००. वेळ किती? तुम्ही म्हणाल, साडेसदतीस मिनिटे. मग वेळापत्रकात सव्वा तास का लिहिलेला असतो? कारण विमान तो वेग मध्यंतरीच्या थोड्या वाटेवरच धरते. चढताना आणि उतरताना ते हळू असते. उड्डाण वाऱ्याला तोंड देऊन करायचे, म्हणून कधी पुण्याच्या विरुद्ध दिशेला उडून मग वळायचे. आकाशातही वाटा आखलेल्या आहेत. त्या सोडून चालत नाही. लोहगाव हा मुळात हवाई दलाचा तळ. तेथे नागरी विमानांना धावपट्टी वाटून घ्यावी लागते. शिवाय वेळापत्रकातला वेळ विमान जागचे हलल्यापासून परत जागेवर उभे राहीपर्यंतचा असतो. तो सव्वा तास म्हणजे आपल्या जुन्या मापाने जेमतेम तीन घटका. पण घरून निघणे, दोन तास आधी पोचणे, सामानाची वाट पाहणे आणि पुण्यातल्या वाहनांच्या गर्दीतून कोथरूड गाठणे हे धरले, तर पाच तास होतात. तरी पाचच. माझ्या लहानपणच्या ‘एक दिवस आणि वर थोडी रात्र’ याच्या मानाने हे केवढे थोडे!

येथे व्याख्यान संपवले असते, तर ते गुरुजींच्या ‘अपुऱ्या’ उत्तरातच जमा झाले असते. म्हणून आता एक खासगी गोष्ट सांगतो. ती मी आजवर व्यासपीठावरून सांगितलेली नाही.

१९७६ साली मी पुण्यात पीएच.डी.चे काम करीत होतो. वसतिगृहातले मित्र माझ्या ‘जाऊन राहिलो’, ‘करून राहिलो’ अशा इंदुरी मराठीला हसत, आणि मी ती पुसून टाकण्याच्या खटपटीत असे. एके दिवशी आईचे पोस्टकार्ड आले. ‘अण्णांना बरे नाही. काळजीचे कारण नाही. सवडीने येऊन जा.’ माझे एक प्रकरण मार्गदर्शकांना दाखवायचे होते. मी ‘सवडीने’ या शब्दावर बोट ठेवले आणि चार दिवस थांबलो. मराठीच्या अभ्यासकाला तो शब्द वाचता आला नाही. आपल्या आया ‘लगेच ये’ असे लिहीत नसत. ‘सवडीने ये’ असेच लिहीत. पाचव्या दिवशी निघालो. मनमाड, भुसावळ, खांडवा, तीच वाट, तोच घाट. सव्वीस तासांनी घरी पोचलो, तेव्हा अण्णांना जाऊन एक रात्र झाली होती. थोरल्या काकांनी अग्नी दिला होता.

दहाव्या दिवशी गुरुजी भेटायला आले. ओसरीवर बसले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनी विचारले, ‘‘किती वेळ लागला रे तुला?’’

मी म्हणालो, ‘‘सव्वीस तास, गुरुजी. खांडव्याला गाडी चुकली असती तर आणखी…’’

‘‘प्रवासाचे नाही विचारत,’’ गुरुजी शांतपणे म्हणाले. ‘‘निघायला किती लागला?’’

मला उत्तर देता आले नाही. त्यांनीही ते मागितले नाही. जाताना पाठीवर हात ठेवला एवढेच. पण त्या दिवशी मला कळले की, तोवर मी खांडव्याच्या गाडीला, सातपुड्याला, नर्मदेला मनातल्या मनात दोष देत होतो. आणि त्या सर्वांनी मिळून माझे सव्वीस तास घेतले होते. चार दिवस मी घेतले होते.

पुढे पन्नासएक वर्षांत वाहने बदलली. गेल्या वर्षी सकाळी पुण्याहून भाच्याचा फोन आला. माझी थोरली बहीण रुग्णालयात होती. भाचा म्हणाला, ‘‘मामा, घाई नाही, जमेल तसे या.’’ या वेळी मला तो शब्द वाचता आला. चाळीस मिनिटांत मी घर सोडले आणि संध्याकाळी अक्काच्या उशाशी होतो. तिने डोळे उघडले आणि म्हणाली, ‘‘आलास? मी म्हटलं, उद्यापर्यंत येशील.’’ आम्ही दोघे रात्रभर अण्णांविषयी बोललो. पाचव्या दिवशी ती गेली. विमानाने मला त्या पाच दिवसांचे दान दिले, हे मी कृतज्ञतेने सांगतो. यंत्राची निंदा करणाऱ्यांपैकी मी नाही. परंतु ते दान पदरात पडले ते निघालो म्हणून.

बंधुभगिनींनो, हे मी या शाळेत का सांगतो? या गावात १९१७, १९३५ आणि २००१ अशी तीन वेळा अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलने भरली. पहिल्या दोन संमेलनांना माणसे आली, ती आगगाडीचे हाल सोसून. भा. रा. तांबे यांचे आयुष्य माळवा आणि ग्वाल्हेर या भागांत गेले, आणि त्यांची कविता मात्र मुंबई-पुण्याच्या घराघरांत पोचली. त्या काळी अंतर मोठे होते आणि पैवस्ती पक्की होती. आज पुणे तीन घटकांवर आले आहे. आपली मुले तेथे शिकतात, तेथेच नोकऱ्या धरतात, आणि ते योग्यच आहे. पण या शाळेची पटसंख्या वर्षागणिक कशी उतरत गेली, ते आपण सारे जाणता. माजी विद्यार्थ्यांना पत्र धाडले की उत्तर येते, ‘सवडीने येऊन जाऊ.’ हा शब्द मला चांगला ओळखीचा आहे. म्हणून मी त्यांना दोष देत नाही. फक्त गुरुजींचा प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचवतो. प्रवासाला किती वेळ लागतो ते वेळापत्रकात छापलेले असते. निघायला किती लागतो ते कोठेच छापलेले नसते.

वर्षातून एक शनिवार या शाळेला द्या. येथल्या मुलांपुढे उभे राहा, त्यांना एक मराठी गोष्ट वाचून दाखवा. ‘जाऊन राहिलो’ म्हणणाऱ्या मुलाला हसू नका. ती बोली अडीचशेहून अधिक वर्षांची वाट चालून आली आहे आणि वाटेत हिंदीच्या ओसरीवर थोडी विसावली आहे, एवढेच.

तो पृथ्वीगोल अजून शाळेच्या प्रयोगशाळेत आहे, असे मुख्याध्यापिकाबाईंनी मघाशी सांगितले. कार्यक्रमानंतर मी तो पाहणार आहे. येताना पतंगाचा दोरा खिशात घालून आणला आहे. सहावीच्या मुलांपैकी ज्यांना थांबता येईल त्यांनी थांबावे. आपण इंदूरवर एक टोक धरू आणि तुमचे जे कोणी जेथे असेल तेथवर दुसरे नेऊ.

 गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून मी आपली रजा घेतो.